फुकटचं कोडं, विकतचं कोडं: हातातल्या गेमचा हिशोब

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा सांगलीला राहायला आला, तो एक जुना निन्टेंडो थ्रीडीएस, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, घेऊनच. पुण्यातल्या त्याच्या चुलतभावानं निन्टेंडोचंच नवं यंत्र, स्विच, घेतलं आणि जुनं याच्याकडे आलं. दोन पडद्यांचं, डबीसारखं मिटणारं, एका बिजागरीपाशी जरा तडकलेलं. मी विश्रामबागेत गणिताच्या शिकवण्या घेते आणि कोडी म्हणजे माझा जीव की प्राण. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोघं भडंगाची ताटली मध्ये ठेवून झोपाळ्यावर बसलो आणि त्यात काय काय आहे ते बघायला लागलो.

चित्रकोड्यांचे दोन गेम निघाले. एक ‘पिक्रॉस ई’, चुलतभावानं पैसे देऊन घेतलेला. दुसरा ‘पोकेमॉन पिक्रॉस’, फुकट उतरवलेला. कोडं दोन्हींत एकच: कडेच्या आकड्यांवरून चौकोन रंगवायचे आणि चित्र पुरं करायचं. बनवणारी कंपनीही एकच, जपानची ज्युपिटर. दोन्ही थोडे थोडे खेळून झाल्यावर भाच्यानं विचारलं, “मावशी, याच्यात ही पट्टी कशाची आहे? चौकोन रंगवला की कमी होते. त्या दुसऱ्यात तर नाहीये.”

त्या पट्टीचं उत्तर नीट द्यायचं तर गेम बनवणाऱ्याचा धंदा कसा चालतो इथपासून सांगावं लागतं. भाच्याला ते चार दिवस थोडं थोडं सांगितलं. मग वाटलं, मुलांच्या हातात असं यंत्र किंवा फोन देणाऱ्या आईबापांनाही हे ठाऊक असायला हवं. म्हणून लिहितेय.

आधी कोडं समजून घेऊ, कारण कोडं कळल्याशिवाय पट्टीनं काय बिघडतं ते कळणार नाही. या प्रकाराला नोनोग्राम म्हणतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये नॉन इशिदा आणि तेत्सुया निशिओ या दोघांनी तो स्वतंत्रपणे तयार केला. ज्युपिटरनं १९९५ मध्ये तो ‘मारिओज पिक्रॉस’ या नावानं गेम बॉय या निन्टेंडोच्या जुन्या यंत्रावर आणला.

दहा चौकोनांची एक ओळ आहे आणि तिच्या कडेला ७ लिहिलंय असं समजा. म्हणजे या ओळीत सलग सात चौकोन काळे आहेत, पण कुठून कुठपर्यंत ते सांगितलेलं नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, आता अंदाजच करावा लागणार. अंदाज लागत नाही. सात चौकोनांचा तो पट्टा अगदी डावीकडे सरकवला तर १ ते ७ भरतात. अगदी उजवीकडे सरकवला तर ४ ते १०. तो कुठेही असला तरी ४, ५, ६ आणि ७ हे चार चौकोन त्यात येतातच. ते बिनधास्त रंगवा. मग उभ्या ओळींचे आकडे बघा, त्यांतून आणखी एखादा सुटतो.

दोन आकडे असले तरी रीत हीच. दहाच्या ओळीत ३ आणि ४ असतील, तर तीन अधिक चार सात, आणि दोन पट्ट्यांमध्ये निदान एक चौकोन रिकामा, म्हणजे आठ. दहातून आठ गेले, दोन मोकळे राहिले. आता प्रत्येक आकड्यातून हे मोकळे वजा करायचे. तीनातून दोन गेले की एक, चारातून दोन गेले की दोन. म्हणजे तीनच्या पट्ट्यातला एक आणि चारच्या पट्ट्यातले दोन चौकोन आधीच पक्के. मोजून बघा: तिसरा, सातवा आणि आठवा. भाच्याला हे दाखवलं तेव्हा त्यानं वहीत दहा रेघा ओढून स्वतः पट्टे सरकवून पाहिले आणि मगच मान्य केलं. सातवीतल्या मुलानं आपण सांगितलेलं तपासून घ्यावं, यासारखा आनंद शिकवणाऱ्याला दुसरा नाही.

या कोड्यात नशिबाला जागाच नाही. नीट बनवलेल्या नोनोग्रामला एकच उत्तर असतं आणि तिथवर निव्वळ विचारानं पोचता येतं. मध्ये माणूस अडकतो. दहा मिनिटं नुसतं बघत बसतो. आणि मग एकदम दिसतं, अरे, नववी उभी ओळ तर कधीचीच पुरी झालीय! ते अडकणं आणि तो सुटण्याचा क्षण, कोड्याचा जीव या दोन्हींत आहे. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं, तेव्हापासून या गावात पोरं पटासमोर गप्प बसायला शिकत आलीत. उंटाला हात लावायचा की नाही याचा विचार करत वीस मिनिटं बसलेल्या मुलाला इथं कुणी ‘काय करतोयस रे’ असं विचारत नाही.

आता त्या पट्टीकडे येऊ.

‘पोकेमॉन पिक्रॉस’ २०१५ च्या डिसेंबरमध्ये आला. उतरवायला पैसे नाहीत. पण चौकोन रंगवला की ऊर्जेची पट्टी घटते आणि ती संपली की थांबायचं. वेळ जाईल तशी ती आपोआप भरते. थांबायचं नसेल तर ‘पिक्राइट’ नावाची रत्नं खर्च करायची. नवीन भाग उघडायलाही पिक्राइटच लागतात. रोजचा सराव केला की थोडे पिक्राइट मिळतात, जास्त हवे असतील तर २०२३ पर्यंत खऱ्या पैशांनी घेता यायचे.

रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्याला अशीच पट्टी लावली तर काय होईल? दहा अक्षरं भरलीत, आता पेन खाली ठेवा, दुपारी या. नाहीतर पेपरवाल्याला पाच रुपये द्या. सात आडवा तुम्हाला आत्ता सुचलाय, दुपारपर्यंत डोक्यात राहीलही. पण विचाराची जी लय लागली होती ती तुटली. कोडं अवघड झालेलं नाही. तुमच्या आणि कोड्याच्या मध्ये एक फाटक आलंय आणि फाटकाची किल्ली विकायला आहे.

विकतच्या ‘पिक्रॉस ई’मध्ये हे फाटक नाही, आणि याचं कारण कंपनीचा चांगुलपणा हे नव्हे. कंपनी एकच आहे, माणसंही बहुधा तीच असतील. फरक पैसे कधी येतात यात आहे. विकतच्या गेमचे पैसे कोडं सुरू होण्याआधीच आलेले असतात. त्यानंतर गिऱ्हाइकानं खूश होऊन याच मालिकेतला पुढचा गेम घ्यावा, एवढंच बनवणाऱ्याला हवं असतं. म्हणजे कोडी चांगली हवीत, सुटणारी हवीत आणि सुटल्यावर समाधान देणारी हवीत. स्विचवर २०१७ मध्ये आलेल्या ‘पिक्रॉस एस’मध्ये तीनशे कोडी आहेत आणि किंमत आठ डॉलरच्या आसपास. आजच्या दरानं सातशे रुपये धरले तर एका कोड्याला अडीच रुपयेही पडत नाहीत. एकदा दिले की विषय संपला.

फुकटच्या गेमचे पैसे मात्र खेळ चालू असताना यायचे असतात. माणूस सुखानं कोडी सोडवत बसला तर ते येणारच नाहीत. त्याला कुठेतरी अडवायला हवं, आणि तेही असं की पुढे जावंसं वाटेल पण जाता येणार नाही. त्यामुळे बनवणाऱ्याचं बुद्धिकौशल्य कोडं घालण्याइतकंच अडवण्याच्या जागा शोधण्यात खर्च होतं. मला या दोन प्रकारांतला खरा फरक हाच वाटतो. कोडं घालणाऱ्याला तुम्ही ते सोडवावं असं मनापासून वाटतंय, की तुम्ही नेमक्या ठिकाणी अडकावं असं वाटतंय? आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात. इथं आवळा खरोखरच गोड असतो, म्हणून तर पुढचं सगळं जमतं.

‘पोकेमॉन पिक्रॉस’ची एक गोष्ट मात्र मला प्रामाणिक वाटते. ठरावीक पिक्राइट विकत घेऊन झाले की पुढचे फुकट मिळायला लागायचे. एकूण खर्च तीस-बत्तीस डॉलरच्या पुढे जात नव्हता. म्हणजे या फुकटच्या गेमला वरची मर्यादा होती. बहुतेक फुकट गेमना असं छतच नसतं. तरीही हिशोब मांडा: तीस-बत्तीस डॉलर म्हणजे त्या वेळच्या दरानं दोन हजार रुपयांच्या वर, आणि तेवढ्यात विकतच्या पिक्रॉसचे तीन-चार गेम आले असते.

कोड्यांच्या गेमचा दुसरा प्रकार मॅच-थ्रीचा. तीन सारख्या गोष्टी एका रेषेत आणायच्या, त्या गायब होतात आणि वरून नवीन पडतात. फोनवर ‘कँडी क्रश सागा’ २०१२ पासून हेच करतो आणि सांगलीच्या लग्नकार्यात कोपऱ्यात बसलेल्या निम्म्या मावश्या-काकू तो खेळताना मी पाहिल्यात. थ्रीडीएसवर २०१५ मध्ये ‘पोकेमॉन शफल’ आला. तोही फुकट, आणि त्याचा सांगाडा बघितला की या जातीचे सगळे गेम कळतात.

त्यात तुकडे जुळवून समोरच्या पोकेमॉनला, म्हणजे एका काल्पनिक प्राण्याला, हरवायचं आणि मग पकडायचं. खेळायला पाच हार्ट मिळतात. एक डाव खेळायला साधारण एक हार्ट जातो. गेलेला हार्ट अर्ध्या तासानं परत येतो. म्हणजे पाचही संपले तर पुन्हा भरायला अडीच तास. एक डाव दोन-तीन मिनिटांचा धरला तर दहा-पंधरा मिनिटं खेळ आणि मग अडीच तास वाट. वाईट काय त्यात, असं कुणी आई म्हणेल. पोरगं पंधरा मिनिटांत उठतंय की! मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण पोरगं उठतं ते मन तिथं ठेवून. दर अर्ध्या तासानं त्याला आठवतं, आता एक भरला असेल. दिवसाचे अठ्ठेचाळीस अर्धे तास असतात आणि गेमनं त्या प्रत्येकावर आपली चिठ्ठी लावलेली असते. विकतचा गेम मुलाला सलग तासभर बसवेल हे खरं, पण बंद केला की बंद होतो. वेळेच्या हिशोबात तास मोजतानाच हे खुणावणंही मोजायला हवं.

शिवाय मॅच-थ्री हे पूर्ण कोडं नाहीच. वरून काय पडणार ते आपल्याला दिसत नाही. विचार करून चाल खेळली तरी पुढचं नशिबावर. किती चाली मिळणार ते ठरलेलं असतं आणि त्या संपायला आल्या की खरी गंमत सुरू होते. समजा, दोन चाली उरल्यात. समोरच्या पोकेमॉनची शक्ती दाखवणारी पट्टी जवळजवळ संपलीय, नखाएवढी राहिलीय. शेवटची चाल झाली, वरून पडलेले तुकडे जुळले नाहीत. आणि लगेच समोर प्रश्न येतो: एक रत्न देऊन आणखी पाच चाली घेता का? गणपतीच्या जत्रेत साबणाच्या वडीवर रिंगा टाकताना रिंग कडेला लागून पडते, तेव्हा माणूस खिशात हात घालतोच. लांब पडली असती तर घातला नसता. ‘थोडक्यात हुकलं’ ही भावना पराभवापेक्षा बळकट असते आणि हा प्रश्न बरोबर त्याच क्षणी येतो.

एवढं करून डाव जिंकला तरी पोकेमॉन हाती येईलच असं नाही. जिंकल्यावर पकडण्याची शक्यता टक्क्यांत दाखवतात. उरलेल्या चालींप्रमाणे ती वाढते. पण तीस टक्के असेल तर दहापैकी सात वेळा तो निसटणार. माझ्या दहावीच्या मुलांना मी हेच उदाहरण देते: लागोपाठ तीनदा निसटण्याची शक्यता किती? ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.३४३. तीन-तीनदा कोडं बरोबर सोडवूनही साधारण तिघांतला एक जण रिकाम्या हातानं उठणार. निसटला की लगेच पर्याय समोर येतो: २५०० नाणी देऊन ‘ग्रेट बॉल’ (पकडण्याचा चेंडू) टाका, शक्यता दुप्पट होईल. कोडं सोडवण्याचं काम तुम्ही चोख केलंय, बक्षीस मात्र फाशावर ठेवलंय, आणि फासा जरा तुमच्या बाजूनं झुकवायचा तर त्याला मोल आहे. कोड्याच्या पोटात सोडत घातलीय ती ही. विकतच्या कोड्यांच्या गेममध्ये असं सहसा दिसत नाही, कारण तिथं सोडत कुणालाच फायद्याची नसते.

आता त्या २५०० नाण्यांचे रुपये करून बघा. थ्रीडीएसवर खऱ्या पैशांनी नाणी घेता येत नव्हती, रत्नं घेता यायची. सुटं घेतलं तर एक रत्न साधारण एका डॉलरला. एका रत्नाची ३००० नाणी होतात, किंवा पाच हार्ट. म्हणजे ग्रेट बॉल पडला ऐंशी-पंच्याऐंशी सेंटला, तेव्हाच्या दरानं पन्नासेक रुपये. नाणी खेळूनही मिळतात, त्यामुळे प्रत्येक ग्रेट बॉल पन्नास रुपयांचा असतो असं नाही. पण डॉलरचं रत्न, रत्नाची नाणी, नाण्यांचा बॉल, अशा तीन पायऱ्या उतरल्यावर खिशातून काय गेलं ते मोठ्यांनाही पटकन सांगता येत नाही. मुलांचं तर विचारूच नका.

आमच्या घरी घडलेलंच सांगते. दोन वर्षांपूर्वी हाच भाचा वडिलांच्या फोनवर असाच एक रंग जुळवायचा फुकट गेम खेळायचा. नाव लिहीत नाही, त्या जातीचे शेकडो आहेत. कार्ड फोनला जोडलेलं होतं. पंधरा दिवसांनी त्याच्या बाबांनी बँकेचे मेसेज बघितले: नऊ वेळा ८९ रुपये आणि चार वेळा १७९. बेरीज १५१७. एकही रक्कम डोळ्यात भरण्याइतकी मोठी नव्हती, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. घरात रडारड झाली. बहिणीनं मला फोन लावून दिला, “ताई, तूच विचार त्याला.” पोर हुंदके देत म्हणत होतं, “मावशी, मी पैसे नाही घेतले गं. मी हिरे घेतले.”

ते खोटं बोलत नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर रुपया आलाच नव्हता. हिरा हाच चलनाचा शब्द होता आणि हिरे गेममधले होते, म्हणजे त्याचेच होते. त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतलाय.

इथं एक गल्लत टाळायला हवी. २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. त्यावरून काही पालकांना वाटतं की आता मुलांच्या गेममधले खर्चही थांबतील. कोड्यांच्या गेममध्ये मूल हार्ट किंवा हिरे घेतं तेव्हा पैसे परत जिंकण्याचा प्रश्नच नसतो. ती साधी खरेदी आहे. ती थांबवायची तर घरीच थांबवावी लागते.

मग फुकटचं सगळं टाकाऊ का? नाही. विकतच्या गेमची अडचण मला पुरती माहीत आहे. निन्टेंडोची यंत्रं आपल्याकडे बहुतेक आयात होऊनच येतात आणि गेमची किंमत डॉलरमध्ये मोजावी लागते. सातशे रुपयांचा गेम आवडेल की नाही हे आधी कळत नाही. ज्या घरात परदेशी व्यवहार चालणारं कार्डच नाही, तिथल्या मुलाला फुकटचा गेम हाच एकमेव दरवाजा असतो, आणि चिकाटीनं एक पैसाही न देता ‘पोकेमॉन शफल’मध्ये फार पुढे गेलेले खेळाडू आहेत. त्यांनी वाट बघण्यालाच खेळ मानलं. असे गेम चालतात ते थोड्या लोकांच्या मोठ्या खर्चावर. बाकीचे बहुतेक काहीच देत नाहीत. तुमचं मूल त्या बहुतेकांत असेल तर बिघडलं काहीच नाही. ते त्या थोड्यांत असेल, तर मात्र कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांना ‘खेळायला फुकट’ हे शब्द पसंत नव्हते. त्याऐवजी ‘सुरू करायला फुकट’ म्हणावं असं त्यांचं मत होतं. मला हा शब्द फार नेमका वाटतो. घरी मी तोच वापरते. एखादा गेम फुकट आहे असं भाच्यानं म्हटलं की विचारते, “खेळायला की सुरू करायला?”

खरोखर फुकट आणि तरी निर्मळ अशी गोष्ट म्हणजे डेमो. विकतच्या अनेक कोड्यांच्या गेमचा पहिला थोडा भाग फुकट खेळायला देतात. आमच्याकडे सराफ कट्ट्याच्या बाजूला भडंग घ्यायला गेलं की दुकानदार आधी चिमूटभर हातावर ठेवतो, तसंच. आवडलं तर पुडा घ्या, नाही आवडलं तर पुढे चला. स्विचच्या ऑनलाइन दुकानातही असे डेमो मिळतात. मुलाला कोड्याचा गेम घेऊन द्यायचा असेल तर सुरुवात तिथून करावी. आणि फुकट व विकत यांच्या मधला, ‘टेट्रिस ९९’सारखा तिसरा प्रकारही लक्षात असू द्या. २०१९ मध्ये आलेला हा गेम फुकट दिसतो, पण स्विचच्या ऑनलाइन सभासदांसाठी. सभासदत्व संपलं की त्याचा मूळ खेळही थांबतो. ते भाडं आहे, इतकंच.

अडकलेल्याला मदत कशी मिळते, हेही मी बघते. थ्रीडीएसच्या आधीच्या निन्टेंडो डीएस या यंत्रावर २००७ मध्ये ‘प्रोफेसर लेटन’ची मालिका सुरू झाली. त्यातली कोडी अकिरा तागो या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तयार झालेली. अडलात तर इशारा मिळतो, त्यासाठी एक नाणं द्यायचं. पण ते नाणं दुकानात मिळत नाही. गेममधल्या गावात फिरताना एखाद्या खिडकीवर, पिंपावर बोट लावून बघायचं, तिथं सापडतं. म्हणजे इशारा हवा तर डोळे उघडे ठेवून हिंडा. उत्तर चुकलं तर गुण कमी होतात, खिसा हलका होत नाही. तिथं नाणी म्हणजे खेळाचाच भाग आहे. फुकटच्या गेममध्ये नाणी म्हणजे गल्ला. शब्द एकच, पण एवढा फरक.

टिकण्याचा मुद्दा मी आधी फारसा धरला नव्हता. आता मला तो पैशांइतकाच महत्त्वाचा वाटतो. ‘डॉक्टर मारिओ’ नावाचं गोळ्या जुळवायचं कोडं १९९० मध्ये गेम बॉयवर आलं. ते कार्ट्रिज, म्हणजे गेम साठवलेली यंत्रात खोचायची वडी, आज कुणाच्या ट्रंकेत सापडलं आणि यंत्र चालू असलं तर आजही खेळता येतं. त्याचाच फोनवरचा फुकट अवतार ‘डॉक्टर मारिओ वर्ल्ड’ २०१९ च्या जुलैमध्ये आला आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाला. सव्वादोन वर्षं. पलीकडचा सर्व्हर, म्हणजे कंपनीचा संगणक, बंद म्हणजे गेम बंद, ज्यांनी पैसे घातले त्यांच्यासाठीसुद्धा. विकतचे डाउनलोड केलेले गेमही अमर नाहीत: थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला विक्रीसाठी बंद झालं. पण भाच्याच्या यंत्रातला ‘पिक्रॉस ई’ त्या दुकानाला हिंग लावून विचारत नाही, पहिल्यासारखाच चालतो. ‘पोकेमॉन पिक्रॉस’ही चालतो, फक्त पिक्राइट विकत घ्यायची सोय आता राहिलेली नाही. पट्टी मात्र तशीच आहे. दुकान गेलं, फाटक राहिलं.

कार्ट्रिजचा आणखी एक फायदा आपल्या माणसांना लगेच पटेल. ते दुसऱ्याला देता येतं. कोडी सुटली की भावाला द्या, शेजारच्या पोराशी बदला, विका. जुन्या कार्ट्रिजवर कोल्हापूर-पुण्यातली पोरं आपापसात चांगले व्यवहार करतात. हार्ट आणि हिरे कुणाला देता येत नाहीत.

घरी आम्ही काय केलं तेही सांगते. फोनवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय असते, ती चालू केली. कार्डाची माहिती मुलांच्या हातातल्या कुठल्याही यंत्रात साठवायची नाही. काही घ्यायचंच असेल तर तेवढ्याच रकमेचा प्रीपेड कोड. पुण्यातल्या चुलतभावाच्या स्विचसाठी निन्टेंडोचं पालकांसाठीचं ॲप त्याच्या आईनं फोनवर घेतलंय. त्यात रोजची वेळ ठरवता येते, आणि मुलाच्या खात्यावरून होणारी खरेदी खात्याच्या सेटिंगमध्ये बंद करता येते. आणि भाच्याला एक वही दिलीय. कुठल्याही गेममध्ये काही घ्यावंसं वाटलं तर आधी त्याचे रुपये काढून वहीत लिहायचे. हिरे नाही, रुपये. पहिल्या आठवड्यात चार नोंदी झाल्या. चारही त्यानंच खोडल्या.

सुट्टी संपल्यावर त्याला सांगलीच्या एसटी स्टँडवर सोडायला गेले, तेव्हा तो ‘पिक्रॉस ई’मधल्या पंधरा बाय पंधराच्या एका कोड्यात तीन दिवस अडकलेला होता. मला दिसत होतं कुठे चुकतंय, पण मी सांगितलं नाही. यंत्र मिटून त्यानं दप्तरात टाकलं. रात्री बहिणीच्या फोनवरून त्याचा फोन आला. हॅलो नाही, पोचलो नाही, थेट सुरुवात: “मावशी, चौथी ओळ! पाच, चार, दोन. बेरीज अकरा, मधले दोन रिकामे, तेरा. पंधरातले दोनच मोकळे. म्हणजे पाचातले तीन आणि चारातले दोन पक्के होते गं, मी ते भरलेच नव्हते.”

“आणि दोनातले?” मी विचारलं.

थोडा वेळ तो गप्प. मागे बहीण जेवायला हाका मारत होती.

“दोनातून दोन गेले. त्यातला अजून कळत नाही,” तो म्हणाला. “उभ्या ओळी बघतो.”